जमिनीतलं धन आणि जागेचं नाव

ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७८७ साली या किल्ल्यात कसल्याशा नव्या बांधकामाचा पाया खणत असताना ताम्रपट निघाले. इंग्रजांनी किल्ला घेतल्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. पत्रे जनरल कारनॅक यांच्याकडे गेले, रामलोचन पंडितांनी त्यावरचं संस्कृत उलगडून दिलं आणि कलकत्त्याला १७८८ मध्ये निघालेल्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७ मधलं शिलाहार राजा अरिकेसरीचं ते दानपत्र. त्यात श्रीस्थानकाचं, म्हणजे आपल्या ठाण्याचं नाव आहे. हे शहर हजार वर्षांपूर्वी राजधानीच्या तोलाचं होतं, हे इतिहासाला ठाऊक झालं ते या पत्र्यांपासून.

कुदळ कोणाच्या हातात होती, हे कुठे लिहिलेलं नाही. त्या माणसाला काय मिळालं, तेही नाही. पण त्याने, किंवा त्याच्या मुकादमाने, ते तांबं तांबटाकडे नेलं नाही, आणि कोणीतरी ‘ठाण्याच्या किल्ल्यात, पाया खणताना’ एवढं लिहून ठेवलं. आपल्या भागाच्या इतिहासाचं एक मोठं दार या दोन गोष्टींनी उघडलं.

मी मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतो. नाण्यांचा नाद खिडकीवरच लागला. दिवसभराचा गल्ला मोजताना सुट्ट्या पैशांत कधी भोकाचा पैसा निघे, कधी ढब्बू पैसा. पदरचे पैसे भरून मी तो ठेवून घेई. पुढे छत्रपतींच्या नावाच्या तांब्याच्या शिवराया आल्या, चांदवडी आणि अंकुशी रुपये आले, आणि त्यांच्याबरोबर पुस्तकं आली. घरातल्यांना वाटतं मला नाणी आवडतात. खरं सांगायचं तर मला नाण्याच्या प्रवासाची ओढ आहे. ते कुठे पाडलं, कोणाच्या हातून गेलं, कोणत्या मातीत किती काळ पडून राहिलं, हे कळावंसं वाटतं.

दिवाळीत भाचा आला. हल्ली तो किल्ल्यांवर फिरतो. मोबाईलवर मला एक यंत्र दाखवत म्हणाला, “मामा, हा मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो. घेऊ का? कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली, खाडीकाठाने फिरवला तर चालेल ना? कायद्याचं काही आहे का?” प्रश्न साधा होता आणि चांगल्या मनाने विचारलेला होता. त्याला जे सांगितलं ते नीट लिहून काढावं असं वाटलं, कारण हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत मला सराफ विचारतात, बिल्डरांचे सुपरवायझर विचारतात, आणि खोदकामावरचे बिगारी दबक्या आवाजात विचारतात.

जमिनीतल्या धनाचा कायदा इंग्रजांनी आणला, अशी पुष्कळांची समजूत आहे. तो फार जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात निधी सापडल्याचं कळवणाऱ्याला सहावा हिस्सा सांगितला आहे, आणि सापडवणारा नोकर असेल तर बारावा. एक लाखाच्या वरचा निधी राजाचा. धन आपल्याच पूर्वजांचं आहे असं जनपदातल्या सचोटीच्या माणसाने पुराव्याने दाखवलं, तर सगळं त्याचं. लपवून ठेवलं तर दंड. याज्ञवल्क्य स्मृतीतही सहावा हिस्सा येतो, आणि न कळवता ठेवून घेणाऱ्याला वसुली आणि शिक्षाही येते. दोन हजार वर्षांपूर्वीही सरकारची मुख्य काळजी एकच दिसते: सापडलं तर माणूस सांगेल का?

आपल्या मराठी कागदांत तर हा हक्क पावलोपावली भेटतो. शिवकाळातल्या किंवा पेशवाईतल्या इनाम सनदा उघडा. गाव इनाम देताना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसहित दिलं, असं लिहिलेलं सापडतं. नुसती जमीन दिली तर तिच्या पोटातलं धन आपोआप जात नसे. ते वेगळं नाव घेऊन द्यावं लागे. कल्याण प्रांतातल्या एखाद्या जोशाला किंवा देवस्थानाला चार बिघे मिळाले, तरी कारकुनाने हे शब्द सहसा गाळलेले नसत. जमिनीखालचं धन राज्याचं आहे आणि राज्य ते कोणाला देऊ शकतं, हा विचार असा गावोगावच्या दप्तरांत मुरलेला होता.

राज्याने स्वतः असं धन वापरल्याच्या कथा तर लहान मुलांनाही ठाऊक आहेत. तोरण्यावर धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं बखरी सांगतात. कल्याणची कथा तशीच आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. खाडीच्या काठावर किल्ला बांधायला पाया खणला तेव्हा अमाप द्रव्य लागलं, ती दुर्गादेवीची कृपा, म्हणून नाव दुर्गाडी. ही दंतकथा आहे आणि मी ती दंतकथा म्हणूनच सांगतो. कल्याणच्या खाडीत स्वराज्याच्या आरमाराची जहाजं बांधली गेली, हा मात्र इतिहास आहे. जहाजांना पैसा लागतो, आणि लोकांच्या मनाने तो जमिनीतून काढून दिला.

याच मनाची एक काळी बाजूही आहे. पायाने जन्मलेल्या मुलाला, पायाळू माणसाला, जमिनीखालचं धन दिसतं, ही समजूत कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे होती. त्याच्या डोळ्यांत काजळ-अंजन घालायचं, अमावस्येला त्याला शेतात न्यायचं, हंड्यावर नाग बसलेला असतो म्हणून बळी द्यायचा. कोंबडं-बकऱ्यावर थांबलं तर नशीब म्हणायचं, अशी प्रकरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत. २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं स्वतंत्रपणे नोंदवावी लागली, ती उगीच नव्हे. भाच्याच्या हातातलं यंत्र या पायाळूपेक्षा हजार पटीने बरं, यात शंका नाही. पण यंत्र हातात घेतलेल्या माणसाच्या मनात तोच हंडा असेल, तर काम तिथेच बिघडतं.

आता आजचा कायदा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ चा सहावा कायदा. अजून लागू आहे. मराठीत सांगायचं तर त्याचा गाभा असा. जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या कशात दडवलेली कुठल्याही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडवणाऱ्याने शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला. मग वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यायचा. कलेक्टर जाहीर नोटीस काढतो आणि दावेदारांना बोलावतो. ती तारीख नोटिशीपासून चार महिन्यांच्या आत नसावी आणि सहा महिन्यांच्या पुढे नसावी. गेल्या शंभर वर्षांत कोणी दडवलेलं असावं असं वाटलं, तर त्याच्या वारसाला दिवाणी कोर्टात जायला वेळ देतात. कोणीच मालक निघाला नाही तर निधी बेवारस ठरतो. मग जागामालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर पाऊण हिस्सा सापडवणाऱ्याचा आणि पाव हिस्सा जागामालकाचा.

पाऊण हिस्सा! हे मी ज्याला ज्याला सांगतो त्याचा विश्वास बसत नाही. खोदकामावरच्या प्रत्येक माणसाला खात्री असते की सरकारला कळवलं म्हणजे सगळं गेलं, वर चौकशी मागे लागली. कायद्यात लिहिलेलं नेमकं उलट आहे. जो कळवत नाही त्याचा हिस्सा सरकारजमा होतो, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याला लपवायला मदत करणाऱ्या जागामालकाला सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे तोंड उघडणाऱ्याच्या बाजूने असलेला कायदा आपल्या लोकांनी तोंड दाबणारा समजून घेतला आहे.

दहा रुपयांच्या मर्यादेचंही एक सांगतो. १८७८ चा रुपया चांदीचा, एक तोळ्याचा. दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाचे चांदीचे रुपये. कुणब्याच्या घरात ती मोठी रक्कम होती. शेतात एखादी शिवराई सापडली तर कलेक्टरच्या दारात जाऊ नका, असा त्याचा अर्थ होता. आकडा तोच राहिला, रुपया मात्र झिजला, आणि आज अक्षरशः कुठलंही जुनं नाणं या मर्यादेच्या वर जातं. एकटं पडलेलं नाणं ‘दडवलेलं’ की नुसतं ‘हरवलेलं’, यावर वकील वाद घालतील. माझं मत असं की कळवावं. कळवल्याने कोणाचं काही जात नाही.

या कायद्याच्या आधाराने मुंबई इलाख्यात एक चांगली रीत पडली होती. कलेक्टरांकडे जमा झालेली नाणी तपासायला रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे जात. तिथले जाणकार ती वाचत, वर्गवारी करत, आणि ती नाणी निरनिराळ्या संग्रहालयांना वाटली जात. सोसायटीच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढताना मला नेहमी त्या टेबलांची आठवण येते, जिथे कोणीतरी भिंग घेऊन एकेक नाणं बघत बसलं असेल. आज आपण ज्याला दख्खनच्या नाण्यांचा इतिहास म्हणतो, त्याचा मोठा भाग अशा टेबलांवर झाला.

त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ साली तिथे १३,२५० हून अधिक चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. प्रत्येक नाणं दोन ग्रॅमच्या आसपास, तर्जनीच्या नखाएवढं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठीतलं नाव. आणि त्यातल्या ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला: तीन कमानींचा डोंगर एकीकडे, उज्जैन चिन्ह दुसरीकडे, खुशाल नहपानाच्या गालावरून. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरून ठेवलंय की माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निखळून काढला. लेखावर विश्वास ठेवायचा की आईच्या मायेचं बोलणं समजायचं, हा प्रश्न होता. जोगळटेंभीने तो सोडवला. हरलेल्या राजाची चलनातली नाणी गोळा करून त्यांवर जिंकलेल्याने शिक्का मारायचं काम चालू होतं, आणि ते पुरं व्हायच्या आत, सुमारे चार हजार नाणी अजून कोरी असताना, कोणीतरी तो साठा पुरून टाकला.

हा हिशेब फक्त एकाच कारणाने लागतो. नाणी एकत्र राहिली. त्यांतली निम्मी सराफाच्या मुशीत गेली असती आणि उरलेली दहा बाजारांत सुटी विकली गेली असती, तरी नहपानाची नाणी संग्राहकांच्या अल्बमांत असतीच. युद्ध मात्र अल्बममधून निघून गेलं असतं.

आणि ते युद्ध आपल्या कल्याणचंही आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याण येतं, कल्लिएना म्हणून. थोरल्या सारगनस नावाच्या राजाच्या काळात ते रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं. पुढे सँडारेसच्या ताब्यात गेल्यावर तिथला व्यापार अडवला गेला, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात, असं तो खलाशी लिहितो. भरुच क्षत्रपांचं. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात आपली खाडी बंद पडली होती. जोगळटेंभीच्या नाण्यांवरचा तो ठसा म्हणजे त्या भांडणाचा निकाल. कल्याण पुन्हा सावरलं. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक भेटतात, व्यापारी भेटतात, सोनार भेटतो, लोहारही भेटतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी कल्लियानाला इराणहून नेमलेला बिशप असतो, असं लिहून गेला. शिवाजी चौकातल्या गर्दीतून स्टेशनकडे जाताना मला ही माणसं गर्दीत मिसळलेली वाटतात.

सोपाऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. पालघर वेगळं झालं ते २०१४ ला. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उघडला. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे म्हणून पुजलेले तुकडे, भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती, आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. भगवानलालांनी कोणती वस्तू कशाच्या आत होती, कशाच्या बाजूला होती, हे टिपून ठेवलं. म्हणून पुढच्या अभ्यासकांना कळलं की नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. अर्थात स्तूप मध्ये कधीतरी पुन्हा उघडून भक्तांनी त्यात भर घातली होती. सहा-सातशे वर्षं त्या जागेची भक्ती टिकून होती, हे एका छोट्या चांदीच्या चकतीमुळे आणि ती जिथे होती त्या जागेच्या नोंदीमुळे कळलं. तीच चकती माझ्या अल्बममध्ये आली असती तर मला फार आनंद झाला असता आणि त्या सहाशे वर्षांचा पत्ता कोणालाच लागला नसता.

उलट बाजू बघा. कलचुरी कृष्णराजाची छोटी चांदीची नाणी आपल्याकडे सापडली आहेत, सहाव्या शतकातली, एका बाजूला राजाचं मुख आणि दुसऱ्या बाजूला नंदी. पुस्तकांत सापडण्याचं ठिकाण बहुधा ‘मुंबई आणि साष्टी बेटं’ एवढंच येतं. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत, आणि जुनं ठाणेही त्यातच. कुठल्या पाड्यात, मडक्यात की मोकळी, देवळाजवळ की बंदरावर? हे मिळालं असतं तर सहाव्या शतकातल्या ठाण्याबद्दल आपण काही बोलू शकलो असतो.

आता आजच्या मातीकडे येतो. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत रोज पाये खणले जातात. पूर्वी बिगारी कुदळीने खणत, काही लागलं तर हाताला कळे. आता जेसीबीचं बकेट एका घासात टोपलीभर नव्हे, गाडाभर माती उचलतं, डंपर भरतो, आणि ती माती दहा-पंधरा किलोमीटरवर कुठल्याशा खाजणात भराव म्हणून पडते. कल्याणची माती दिव्याला, दिव्याची आणखी कुठे. त्यामुळे डोंबिवलीच्या एखाद्या भरावावर उद्या यंत्राने शिवराई सापडली, तरी ती डोंबिवलीची म्हणता येणार नाही. रेतीबंदरावरही हेच. खाडीच्या तळाची रेती उपसताना खापऱ्या, लोखंड, कधी नाणं वर येतं. एका रेतीवाल्याने मला एक दुदांडी शिवराई दाखवली होती, पेशवाईतली, पाण्याने गुळगुळीत झालेली. “कुठे लागली?” विचारलं तर त्याने हात पसरून सगळी खाडी दाखवली.

पाया खणताना काही मोठं सापडलं तर काय होतं, ते २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडला दिसलं. चिखलीच्या बाजूला बांधकामाच्या मातीत २१६ सोन्याची नाणी निघाली, मुघल बादशहा मुहम्मदशहाच्या काळातली, एकूण वजन दोन किलो ३५७ ग्रॅम. कळवली गेली नव्हती. पोलिसांना खबर लागली आणि त्यांनी ती झोपडपट्टीतल्या घरातून ताब्यात घेतली. पुरातत्त्व खात्याकडे ती पोचली, वितळली नाहीत, हे आपलं भाग्य. पण मला त्या मजुरांचं वाईट वाटतं. वेळेवर एक अर्ज केला असता तर ते आरोपीच्या जागी नसते, हक्कदाराच्या जागी असते. त्यांना हे सांगायला कोणी नव्हतं. सांगणारे भेटतात ते वेगळेच. ‘खोदकामात गिन्न्या सापडल्यात, गुपचूप घ्या’ म्हणून पितळ गळ्यात मारणारे ठग प्रत्येक स्टेशनाबाहेर आहेत, आणि लोक फसतात ते याच समजुतीपायी की असलं काही उघड करायचंच नसतं.

यंत्राबद्दल भाच्याला सांगितलं ते असं. छंद म्हणून मेटल डिटेक्टर फिरवायला परवाना देणारा कायदा आपल्याकडे नाही; म्हणून सगळीकडे मुभा आहे असं मात्र समजू नकोस. अंबरनाथचं देऊळ, वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप अशा राष्ट्रीय संरक्षित जागांत १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली परवान्याशिवाय खणता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित आहेत, तिथल्या बांधकामालाही बंधनं आहेत. राज्य संरक्षित जागांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. दुसऱ्याच्या शेतात, वनजमिनीत, पालिकेच्या मैदानात न विचारता खणणं हा वेगळाच गुन्हा. आणि १९७२ चा पुरावशेष कायदा, जो एप्रिल १९७६ पासून लागू आहे, त्यातल्या पुरावशेषाच्या व्याख्येत पहिलंच नाव नाण्याचं आहे: शंभर वर्षं झालेलं कुठलंही नाणं. ते घरी जपायला मुभा आहे. नोंदणीची सक्ती शिल्पं, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांना आहे, नाण्यांना नाही. पण पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेणं खाजगी माणसाला बंदच. परदेशातल्या चुलत भावाला भेट म्हणून एक शिवराई पाकिटात घालून पाठवणं हासुद्धा गुन्हा होतो.

शिवाय यंत्राचीही मर्यादा आहे. त्याच्या कड्यात वीज खेळते, खालच्या धातूत तिचे भोवरे उठतात आणि यंत्र वाजतं. खाडीकाठचा ओला खारा चिखल स्वतःच वीज वाहतो, आमच्या काळ्या दगडाच्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे ते उगाच वाजत राहतं. नाण्याएवढी वस्तू वितभर खोलीवर दिसली तरी पुष्कळ. त्याखालची हजार वर्षं यंत्राला दिसत नाहीत, आणि वरची वितभर खिळे, बाटल्यांची झाकणं, तारा यांनी भरलेली. रेल्वेच्या पुलाखाली पोरं दोरीला चुंबक बांधून प्रवाशांनी टाकलेले पैसे काढतात, तेही हल्लीच्या पोलादी नाण्यांमुळे जमतं. चुंबकाला ना चांदी चिकटते ना तांबं.

इंग्लंडमध्ये हा छंद फोफावला, कारण तिथे कायद्याने आणि पैशाने माणसाला बोलतं केलं. १९९६ च्या ट्रेझर कायद्याने सापडलेला निधी चौदा दिवसांत कळवायचा. संग्रहालयाने घेतला तर बाजारभावाने मोबदला. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात यंत्रधारी छंदिष्टाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा लागला, त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती त्याच्यात आणि शेतमालकात वाटली गेली. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती १९९७ पासूनची त्यांची नोंद योजना, जिच्यात मोडकी बक्कल आणि झिजलं नाणंही सापडल्या जागेसह टिपलं जातं. दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या आहेत.

आपल्या १८७८ च्या कायद्यात सरकारला निधी स्वतःकडे ठेवायचा असेल तर मोबदला असा: धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. सोन्याला हे एकवेळ चालेल. पण तांब्याच्या शिवराईत तांबं किती? बारा-तेरा ग्रॅम. मोडीचा भाव अधिक वीस टक्के देऊन तुम्ही मजुराला ठाणे कोर्ट नाक्यापर्यंतच्या रिक्षाचं भाडंही देत नाही, आणि तो बाजारात गेला तर त्याला कितीतरी जास्त मिळतात. छत्रपतींचं नाव असलेलं नाणं भंगाराच्या हिशेबाने मोजणारं कलम स्वतंत्र देशाने दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावरही चालू ठेवावं, याचा मला राग येतो. ते कलम बदललं पाहिजे. कौटिल्याने सहावा हिस्सा देऊन जे साधायचा प्रयत्न केला, ते आपण पाचवा हिस्सा वाढवून साधत नाही, कारण मूळ आकडाच चुकीचा धरला आहे.

कलम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर माझ्याकडून होतं ते मी करतो. डोंबिवली पूर्वेला आमच्या भागात जिथे जिथे पाया खणायला घेतात, तिथल्या मुकादमाला जाऊन भेटतो आणि एक छापील कागद देतो. त्यावर मराठीत आणि हिंदीत एवढंच असतं: नाणी, मडकं, मूर्ती, कोरलेला दगड असं काही लागलं तर काम तेवढ्या जागी थांबवा. मडकं रिकामं करू नका. नाणी घासू नका, चिंच-लिंबू लावू नका; त्यावरचा हिरवा-काळा थरही अभ्यासाला लागतो. मोबाईलवर फोटो काढा, आधी जागेसकट लांबून, मग जवळून. किती फूट खाली होतं ते टेपने मोजून लिहा. तहसील कचेरीत नेऊन दिलं तरी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने करा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. सापडवणारा म्हणून ज्याच्या हाताला लागलं त्याचंच नाव घाला, मुकादमाचं नको.

भाच्याने यंत्र घेतलं नाही. त्याने माझा कागद टाईप करून दिला, आणि त्याच्या ओळखीच्या एका इंजिनिअरकरवी तो शिळफाट्याच्या बाजूच्या दोन साईटवर पोचवला. आता त्याला बंगाली आणि तेलुगू भाषांतर हवं आहे, कारण तिथले निम्मे बिगारी ना मराठी वाचतात ना हिंदी. तेलुगूसाठी माणूस मिळाला आहे. बंगालीसाठी शोधतो आहोत.